मोजताना बोलायचं नाही

शहनाज मुलाणी मोजायला बसली की पौडच्या बाजारात तिच्या वाटेला कुणी जात नाही. नवऱ्याच्या, फारूकभाईंच्या दुकानात पंखे आणि मोटारी भरायचं, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचं काम बावीस वर्षं तिच्याच हातात. मशीन हातानं फिरवायचं, वेढे तोंडानं मोजायचे. मध्येच कुणाला उत्तर दिलं की आकडा गेला, मग सोडा सगळं आणि करा पहिल्यापासून! म्हणून गिऱ्हाईक दारात मुकाट उभं राहतं. एकदा खुद्द सासऱ्यांनी चहा मागितला, त्यांनाही तिनं ताटकळत ठेवलं.

अशा बाईला दिशा मॅडमनी कासार आंबोलीच्या शाळेत बोलावलं. या मॅडम हिंजवडीत इंजिनिअर, पण रविवारी नववी-दहावीच्या मुलांचा विज्ञानवर्ग घेत. शहनाजनं तासभर पंखा भरायला शिकवायचं, एवढंच ठरलेलं. पण तास संपला तरी बाई हलतेय कुठली! मागच्या बाकावर बसून मॅडमचं ऐकत राहिली. सातवीत शाळा सुटलेली. हजारभर मोटारी तिनं फिरत्या केल्या, पण त्या फिरतात कशामुळं, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. त्या बाकाचं तिला असं वेड लागलं की शनिवारीच फारूकभाईंना ताकीद मिळायची, "उद्या दुकान तुमी बघायचं. माजी शाळा हाय."

आणि आता तो वर्गच बंद पडायची वेळ आली. खर्च देणाऱ्या कंपनीचे निरंजन साहेब येणार होते. पोरं खरंच काही शिकतात का ते बघायचं, नाहीतर गुंडाळायचं, असा मामला. मॅडम त्यांना आणायला फाट्यावर गेल्या आणि साहेब दुसऱ्याच रस्त्यानं थेट वर्गात हजर!

वर्गात मुलांची चार मशीनं फिरत होती, पाचवं शहनाजचं. साहेबांनी प्रेमानं पुढच्या मुलाला विचारलं, "नाव काय तुझं?"

"दोनशे सदतीस," शंभू म्हणाला, "दोनशे अडतीस..."

साहेब चपापले. शेजारच्या अर्शीकडे वळले. "पंखा कशामुळं फिरतो, सांगशील?"

अर्शीनं ओठांवर बोट ठेवलं. साहेबालाच गप्प बसवलं की हो पोरीनं! साहेबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी वही काढून काहीतरी खरडलं.

शहनाजनं ते पाहिलं. तीनशे वेढ्यांची कॉइल, ती दोनशे ऐंशीवर. बोलावं तर पोरांना लावलेली शिस्त आपणच मोडायची, न बोलावं तर वर्ग हातचा जायचा. हात काही थांबेना. दोनशे नव्वद. साहेब दाराकडे निघाले. दोनशे अठ्ठ्याण्णव...

"तीनशे! सायेब, थांबा!" ती एवढ्यांदा ओरडली की साहेब दचकलेच. "चूक माजी हाय. मोजताना कलेक्टर आला तरी बोलायचं न्हाई, आसं मीच शिकवलंय. पंखा का फिरतो त्ये मी सांगते. तारंत करंट गेला की तिचं चुंबक व्हतं. त्येची ओढ गोल गोल पळती. पंखा त्या ओढीच्या मागं पळतो, पर जरा मागंच ऱ्हातो. गाठली आसती तर पळायचं कारनच संपलं आसतं, व्हय ना?"

तेवढ्यात पोरांचेही तीनशे भरले आणि इतका वेळ कोंडलेली तोंडं एकदम सुटली. "सर, शंभू! माझं नाव शंभू!" अर्शी तर फळ्याकडे धावत जाऊन आकृतीच काढायला लागली. साहेब हसत सुटले.

"बाई, किती वर्षं शिकवताय?"

"शिकवत न्हाई हो, शिकतेय," शहनाजनं मागच्या बाकाकडे बोट दाखवलं. "वर्ग बंद केला तर पोरांना धा जागा मिळतील, सायेब. मला सातवीच्या म्होरं कोन घेनार?"

साहेबांनी वही मिटली. धापा टाकत आलेल्या दिशा मॅडमकडून त्यांनी पुढच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची कोरी यादी मागून घेतली आणि पहिल्या ओळीत लिहिलं, शहनाज फारूक मुलाणी.

"इयत्ता?" त्यांनी विचारलं.

"आठवी लिवा," शहनाज म्हणाली.