घळीतून आलेली ओ

आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी सुप्याला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर गेज लावून पार्ट तपासायचे — बसला तर पास, नाहीतर रिजेक्ट. लोकांनी सांगितलेले भुताखेतांचे किस्सेही मी तसेच ऐकते, आणि आजवर सगळे रिजेक्टच केलेत. हा मात्र माझा स्वतःचा आहे...

आमचं गाव पारनेर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. गावामागे एक अरुंद घळ आहे. दोन्ही बाजूंना उभा कातळ आणि आत शिरल्याबरोबर डाव्या हाताला एक गुहा. गुहेला तोंड एकच. उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला की तो वाळल्या गवतावरून याच घळीतून उतरतो आणि थेट कडब्याच्या गंजींवर येतो. म्हणून तो पोचायच्या आत घळीतलं गवत आपणच पेटवून द्यायचं, म्हणजे त्याला पुढे सरकायला काही उरत नाही. पण पेटवण्याआधी गुहेकडे तोंड करून तीन हाका मारायच्या. आत कुणी असेल तर ओ देईल. गावची ही जुनी रीत.

गेल्या मार्चमधली गोष्ट. थर्ड शिफ्ट करून मी झोपले होते. दुपारी दोनच्या सुमाराला आरडाओरडा ऐकून उठले तर डोंगरावर धूर! नवरा ड्यूटीवर. मी तशीच पळाले. घळीच्या तोंडाशी आम्ही सहाजण जमलो, बाई मी एकटीच. माझे चुलत दीर बबनभाऊजी हाक मारायला तोंडाशी हात नेत होते.

"भाऊजी, वेळ घालवू नका. घळीत येणारे सगळे तर इथंच आहेत."

"आन् आप्पा?"

आप्पा म्हणजे माझे सासरे.

"ते काष्टीच्या बाजाराला गेलेत. कालच सांगितलं त्यांनी मला. द्या ती आगपेटी इकडं."

माझा स्वभावच तसा, घाईचा आणि ठाम. हाक राहिलीच. मी वाकले, काडी ओढली... आणि गुहेतून आवाज आला. अगदी शांत, घरातल्यासारखा.

"थांब गं. हाय मी."

बोटाला चटका बसला तेव्हा काडी हातातून सुटली. भाऊजींनी ती पायाखाली चिरडली आणि आम्ही दोघं आत धावलो. आत आप्पा होते. गार कातळावर, तोंडावर टॉवेल टाकून गाढ झोपलेले. बाजाराची जीप आलीच नाही, म्हणून शेळ्यांसाठी पाला तोडायला आले होते आणि ऊन लागलं म्हणून आडवे झाले होते. त्यांना गदागदा हलवावं लागलं.

"काय गं, डूटी न्हाई व्हय आज?" डोळे चोळत त्यांनी विचारलं.

मला रडूच फुटलं. त्यांना बाहेर काढेपर्यंत वणवा घळीत शिरला होता. भाऊजींच्या दोन गंजी गेल्या.

आमचं बोलणं कानावर पडून आप्पा झोपेत बरळले असतील, असं मी स्वतःला खूपदा समजावलंय. पण कानाच्या मशीनशिवाय त्यांना काही ऐकू येत नाही, आणि मशीन घरी होतं. त्यांचा घोगरा आवाज सगळं गाव ओळखतं. तो हा नव्हता. मला तो बाईचा वाटला, भाऊजींना म्हाताऱ्या माणसाचा. शब्द मात्र सहाही जणांनी तेच ऐकले. गुहेत दुसरं कुणी नव्हतं.

"वहिनी, ओ आली ते ठीक हाय," भाऊजी नंतर एकदा हळूच म्हणाले, "पर आपन हाक कुटं मारली हुती?"

आप्पा आल्यागेल्याला कौतुकानं सांगतात, "सुनंनं हाका मारमारून मला आगीतनं काडलं बगा." मी शेजारी चहा गाळत असते. त्या दिवशी काय झालं ते मला आजही सांगता येत नाही... आणि जे सांगता येतं, ते आप्पांना सांगायची हिंमत होत नाही.