विहिरीत सोडलेलं कासव

१९५६ सालच्या उन्हाळ्यात, भांडुपला, आमच्या घरमालकांच्या नव्या विहिरीत एक कासव बुडून मेलं. ते माझ्या थोरल्या भावाने तिथे सोडलं होतं.

कासव मला डोंगराच्या पायथ्याशी करवंदीच्या जाळीत सापडलं होतं. पाठीवर पिवळ्या चांदण्या. कोणीतरी पाठीच्या कडेला भोक पाडून सुतळी ओवली होती. ती मी कापली. जखम भरेपर्यंत ते आमच्या परसात राहिलं. जास्वंदीची फुलं खायचं, ऊन चढलं की वाळक्या पाल्यात शिरायचं. पाय जाड, हत्तीसारखे. बोटांत पडदा नाही. एकदा घंगाळात पडलं तर नुसतं पाय झाडत बुडायला लागलं. मी दादाला बोलावून दाखवलं.

"कासवाला पोहता येत नाही? उद्या म्हणशील, माशाला पाणी बाधतं."

"हे जमिनीवरचं आहे, दादा. आता बरं झालंय. सापडलं तिथेच सोडायला हवं."

"सोडतो मी. तू ऑफिसला जा."

"डोंगरावर ना?"

"हो गं बाई, डोंगरावर."

संध्याकाळी विचारलं तर म्हणाला, "सोडलं."

"कसं गेलं?"

"तुरुतुरु." त्याने ताटावरून मान वर केली नाही.

दोन-तीन दिवसांनी घरमालकीणबाई साखर-खोबरं घेऊन आल्या. "तुमच्या कासवाचा प्रसाद हो. नव्या विहिरीला कासव लागतंच, पाणी स्वच्छ राहतं. यांनी तुमच्या भावाकडे शब्द टाकला, त्याने लगेच आणून दिलं. मी स्वतः कुंकू लावलं आणि त्यानेच आत सोडलं."

मी विहिरीवर गेले. आतून बांधकाम सरळ, पाय टेकायला कुठे जागा नाही. कासव पाण्यावर तरंगत होतं. मान पूर्ण बाहेर आलेली.

दादा घरीच होता.

"डोंगरावर म्हणाला होतास."

"सोडतो म्हणालो, सोडलं. कासव पाण्यात सोडणं पुण्याचं असतं."

"तुला दाखवलं होतं मी."

तो म्हणाला, "माझ्या लग्नाआधी मागची खोली द्यायचं कबूल केलंय त्यांनी. एका कासवासाठी नाही म्हणू?"

घरमालकांच्या गड्याने कासव बादलीने काढून कुंपणापलीकडे टाकलं. मागची खोली आम्हाला मिळाली. पुढच्या रविवारी दादा दहिसरला गेला आणि नदीतून दुसरं कासव घेऊन आला.