राज्य वाढलं

माझी मराठी चौथी झाली होती, आणि तेव्हाच्या मध्यप्रांत-वऱ्हाडात चौथी शिकलेली सून म्हणजे घरात वकील आल्यासारखं. म्हणून लग्न होऊन मोताळ्याला आले, तर महिनाभरातच मामंजींनी ती मोठी पोथी माझ्यापुढे ठेवली. जन्मभर मास्तरकी केलेला माणूस, आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चुलतभावांच्या युद्धाची ती कथा त्यांना सुनेच्या तोंडून ऐकायची होती. मीही हरखले. तुकड्यातुकड्यांनी ऐकलेली, सलग कधी वाचली नव्हती.

पहिला आठवडा वंशावळीतच गेला. कोण कोणाचा पोर, कोणी कोणाला शाप दिला. एका गोष्टीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी. जीव मेटाकुटीला आला. भांडण लागलं की रंग चढेल, या आशेवर मी रेटत राहिले.

भांडण लागलं आणि सासूबाई आडव्या आल्या. ही पोथी घरात सबंध वाचली की भाऊ वेगळे होतात, हे त्यांच्या मनानं घेतलेलं. थोरल्या दिरांचं आणि माझ्या यजमानांचं शेतावरून आधीच बिनसलं होतं. एका घरात राहून दोघे आम्हा बायकांमार्फत बोलत. म्हातारी धास्तावली होती, ते मला दिसत होतं. पण उपाय काय काढावा?

"वाटणी नोको म्हनू व बाई. बांगडी फुटली तं वाढली म्हन्तो ना आपन? तसं राज्य वाढलं म्हन."

"आत्याबाई, अर्थ बदलतो."

"बदलू दे. माह्यं घर तं राह्यते."

मी मुकाट्यानं वाचलं, राज्य वाढलं. मामंजींना सगळी कथा पाठ, तरी गालात हसत विचारायचे, "राज्य वाढलं, तं मंग हे लोक भांडून काऊन राह्यले?" पुढे जुगार आला. पान उलट. भर सभेतला अपमान आला. पान उलट. काल बोहल्यावर चढलेला पोरगा आज मेलेला, आणि कसा मेला ते विचारायची सोय नाही. एवढ्या ग्रंथातून भांडण काढलं तर ऋषी आणि गाई एवढंच उरतं. माझं डोकं भणभणायचं.

आणि एवढं करून कापूस वेचणीच्या आधीच घरात दुसरी चूल मांडली गेली. अंगणाच्या मधोमध तुराट्यांच्या कुडाची भिंत उभी राहिली. जाऊबाई जाता जाता मला म्हणाल्या, "वाच अजून पोथी." माझा तिळपापड झाला. धड वाचलंही नव्हतं आणि घर मोडल्याचं खापर माझ्यावर.

दुपारी सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. आता ह्याही बोलणार, म्हणून मी तोंडाशी उत्तर तयार ठेवलं. त्यांची नजर कुडाकडे होती.

"सूनबाई, लढाई झाल्यावर जे उरले, ते मंग बोलत व्हते का व एकमेकाशी?"

मला माहीत नव्हतं. तिथवर त्यांनी मला जाऊच दिलं नव्हतं, आणि तेच मी फाडकन बोलणार होते. पण त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी पोथीचं फडकं सोडलं आणि शेवटाकडची पानं भराभर उलटू लागले, आणि ते कुठं लिहिलंय ते मला सापडेना.