सर्किट, अणू आणि आजोबांचा आक्षेप

मुलांनो, फोनवर तुम्ही "आजोबा कसे आहेत?" विचारता आणि मी "ठीक" म्हणून विषय बदलते. काल सकाळी खरं उत्तर मिळालं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

मेंदूत रक्ताची गुठळी झाली तेव्हा दुर्गाघाटच्या आपल्या गल्लीत गाडी येत नाही म्हणून त्यांना खुर्चीत बसवून मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. इस्पितळातून घरी आले, हळूहळू चालू लागले. पण प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणत. चहा हवा? हो. की नको? हो. विद्यापीठात आणि घरात ज्यांनी एकही विधान तपासल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नाही, त्यांचं ते "हो" ऐकलं की मी उठून दुसऱ्या खोलीत जाई. जाऊबाई म्हणाल्या, "भाग्यवान आहेस गं! इतक्या वर्षांनी नवरा हो म्हणायला लागला." मला हसू आलं नाही.

आमचं जुनं भांडण असं. मी मुलींच्या कॉलेजात फिजिक्सचे प्रयोग शिकवत असे. कॉइल, डायोड आणि रेझिस्टन्स जोडून त्यांना उलटसुलट होणारं व्होल्टेज द्यायचं. ते वाढवत नेलं की ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरच्या एका वेढ्याचे दोन होतात, मग चार, मग नुसता गुंता. पण गुंत्यातही रेघ मधूनच एखाद्या जुन्या साध्या वेढ्याजवळून जाते. आजोबा अणूंचं गणित करत. हायड्रोजनचा अणू जोरदार चुंबकीय क्षेत्रात ठेवला की त्याच्या वर्णपटातल्या रेषा अशाच विस्कटलेल्या दिसतात, आणि त्यांतही केंद्राकडे परतणाऱ्या साध्या वाटांच्या खुणा सापडतात. मी म्हणे, दोन्ही एकच. ते म्हणत, सारखे आहेत, एकच नव्हेत.

काल मी ते सर्किट आणि ऑसिलोस्कोप जेवणाच्या टेबलावर मांडलं. बिजली होती. बटण हळूहळू फिरवलं. एक वेढा, दोन, चार, गुंता. मग मी मुद्दाम म्हणाले, "बघा, हाच तुमचा अणू. दोन्ही एकच."

ते पडद्याकडे वाकले. आता "हो" आलं तर काय करायचं, ते मला सुचत नव्हतं.

"नाही."

"का नाही?"

"तुझं सर्किट तापतं. ऊर्जा... वाया जाते. अणूत कुठे जाते?" मग डाव्या हाताने पडद्यावरची रेघ दाखवत, "आणि इलेक्ट्रॉनला अशी रेघ नसते. अगं, कितनी बार सांगायचं?"

मला रडू फुटलं. जाऊबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "काय झालं?"

"नाही म्हणाले!"

"मग रडतेस कशाला, वेडे?"

आजोबांचा उजवा हात अजून लिहीत नाही. घराबाहेरचा हिंदी शब्द आधी येतो, घरातला मराठी मागून. पण सारखं कुठवर आणि वेगळं कुठून, हे ते अजून बरोबर ओळखतात.