एका विटेची दोन वजनं

काटाभाऊंच्या हाती काहीही द्या, ते आधी तोलायचे आणि मग घ्यायचे. चहाची किटली असो, लग्नातली आहेराची परात असो, नाहीतर दवाखान्यातून घरी आणलेलं बाळ असो. माझी मुलगी झाली तेव्हा ते भेटायला आले. "जयभीम ताई" म्हणून आत शिरले, बाळाला दोन्ही तळव्यांवर घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "अडीच किलोले थोडंसं कमी." दवाखान्यातही तेवढंच भरलं होतं. माझ्या सासूबाईंना मात्र हा प्रकार मुळीच रुचला नाही. पोराचं कोणी असं वजन करतं का, म्हणत त्यांनी लगेच दृष्ट काढली. काटाभाऊ दारात चपला घालत हसत होते.

राजुऱ्याच्या रस्त्याला माझा राखेच्या विटांचा लहानसा कारखाना आहे. तिथे ते मुकादम होते. त्याआधी त्यांचं अर्धं आयुष्य बल्लारपूरच्या मालधक्क्यावर डोक्यावरून पोती वाहण्यात गेलं होतं. काटा हे नाव तिथलंच. पोतं डोक्यावर येताच ते वजन सांगायचे, आणि व्यापाऱ्यांचे वाद तिथेच मिटायचे. हमाली सुटली तरी डोक्यावर ठेवायची कापडाची चुंबळ त्यांच्या खांद्यावर कायम असायची. नव्या माणसाला ते एकच गोष्ट शिकवायचे, "वजन हाताले इचार. नजर फसवते."

कारखान्यात मशीनमधून निघालेल्या ओल्या विटा बाया फळीवर रचून डोक्यावरून वाळवणाच्या जागेवर नेत. काटाभाऊ वाटेत उभे असायचे. एखादीची फळी जास्त भरलेली दिसली की न विचारता वरच्या दोन विटा उचलून घ्यायचे. सुनंदा नावाची एक तरणी बाई घाईची होती. फेऱ्या कमी व्हाव्यात म्हणून ती चार विटा जास्तच घ्यायची. तिला ते रोज अडवायचे.

"इटा लाख हायत बाई, मान एकच हाय."

"भाऊ, तुमी पोती वाहात होते ना? तुमची मान काऊन नाई मोडली?"

"मोडली असती तं तुले सांगाले राह्यलो असतो का?"

ट्रॅक्टरला फोर्क बसवायचा धोशा त्यांनीच माझ्यामागे लावला. आमच्याकडे छोटा ट्रॅक्टर होता, त्याला पुढे राख भरायचं लोडर होतं. लोडरची बकेट काढून तिथे दोन लांब लोखंडी फोर्क लावायचे, ते विटांच्या पॅलेटखाली, म्हणजे लाकडी पाटाखाली घालायचे आणि सगळा ढीग एकदम उचलायचा. बायांनी मोबाइलवर फोटो पाहिला आणि त्यांना सुळे म्हणायला सुरुवात केली. गडचिरोलीच्या जंगलात हत्ती आले होते, रोज त्यांचीच चर्चा असायची. "तिकडं हत्ती आले, इकडं सुळे," सुनंदा म्हणाली. सगळ्या हसल्या, पण मग तिनेच विचारलं, "सुळ्यानं इटा उचलल्या तं आमी कुठी जाऊन?" काटाभाऊ माझ्याकडे बघत उभे राहिले. विटा रचायला, पाणी मारायला माणसं लागणारच आहेत, एकीलाही काढणार नाही, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं तेव्हाच ते बाजूला झाले.

त्याच सुमारास त्यांची एक कुरकुर सुरू झाली होती. विटा जड येऊन राहिल्यात, राख बदलली, असं ते सारखं म्हणायचे. राखेच्या ट्रकवाल्याशी तर दोनदा कडाक्याचं भांडले. मी मिश्रण तपासलं, साचा तपासला, सगळं होतं तसंच होतं. पण काटाभाऊ म्हणतात म्हणजे काहीतरी असेल, अशी आमच्याकडे रीत पडून गेली होती.

सुळे घ्यायला आम्ही दोघं चंद्रपूरला गेलो. नमुन्याची एक वीट त्यांनी पिशवीत घेतली होती. दुकानात तीन तऱ्हांचे सुळे भिंतीला टेकवून ठेवले होते. काटाभाऊंनी थेट सगळ्यात जाड आणि लांब जोडीवर हात ठेवला.

"हे द्या. मजबूत पायजेत."

"भाऊ, या जोडीचं स्वतःचंच वजन एवढं आहे, की छोट्या ट्रॅक्टरची निम्मी ताकद तिलाच उचलण्यात जाईल," दुकानदार म्हणाला. "शिवाय सुळे लांब असले की माल पुढे सरकतो आणि ट्रॅक्टर तोंडावर येतो. तुमचं पॅलेट किती भरतं?"

काटाभाऊंनी वीट काढून उजव्या हातावर घेतली. "इट साडेतीन किलोची. पॅलेट सहाशे किलोच्या घरात जाते."

दुकानदाराने मान हलवली. "मग या ट्रॅक्टरने जमणार नाही. मागची चाकं उचलली जातील."

मोठा ट्रॅक्टर घेणं आमच्या आवाक्यात नव्हतं. आता परत फिरावं लागणार, असं मला वाटलं. तेवढ्यात दुकानदाराने ती वीट सहज म्हणून पार्सलच्या काट्यावर ठेवली. पावणेतीन किलो.

"तुमचा काटा खराब हाय," काटाभाऊ म्हणाले.

दुकानदार शांत माणूस होता. त्याने खणातून सरकारी शिक्क्याचं वजन काढून काट्यावर ठेवलं. काटा बरोबर होता. काटाभाऊंनी वीट उचलून या वेळी डाव्या हातावर घेतली. मग उजव्या, पुन्हा डाव्या.

"ताई," ते हळूच म्हणाले, "डाव्यात पावणेतीनच हाय."

"आणि उजव्यात?"

"साडेतीन."

विटा जड झाल्याच नव्हत्या. त्यांच्या उजव्या हातातली ताकद कमी झाली होती. पॅलेट आता पाचशेच्या आत बसत होतं, म्हणून दुकानदाराने आखूड, हलकी आणि रुंदी कमीजास्त करता येणारी जोडी दाखवली, ट्रॅक्टरच्या मागे वजनाची पेटी लावायला सांगितली, आणि मी कशीबशी मान डोलावून ती ठरवून टाकली. परतीच्या वाटेवर काटाभाऊ खिडकीबाहेर बघत होते. बल्लारपूर आलं तेव्हा म्हणाले, "चप्पल पायातून निसटते, मले समजत बी नाई." घरी त्यांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, उरलेलं सांगितलं. "शर्टाची बटनं मीच लावून देऊन राह्यली, बाई. कोणाले सांगू नोको म्हणाले."

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. तिथून तपासण्यांसाठी नागपूरला पाठवलं. नागपूरच्या डॉक्टरांनी मानेचा फोटो उजेडावर धरला आणि विचारलं, "डोक्यावर ओझी वाहिली आहेत का?"

"त्याच्यावरच घर चाललं, साहेब."

मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दाबला गेला होता. आज हात सैल पडतोय, उद्या पाय जातील, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. एखाद्या दिवशी नुसता पाय घसरून पडले असते तरी ते कायमचे अंथरुणाला खिळले असते. ऑपरेशन लवकर करायला हवं होतं, आणि गेलेली ताकद सगळी परत येईलच असं वचन कोणी देत नव्हतं.

सुनंदाला रोज अडवणाऱ्या या माणसाला स्वतःची मान अशी झाली असेल, हे सुचलंच नव्हतं. ऑपरेशनच्या सकाळी ते खाटेवर बसून होते. चुंबळ वहिनींच्या मांडीवर होती.

"ताई, हात गेला तं चालन," ते म्हणाले. "पण पाय राहू द्या म्हणा. मले कोणाच्या खांद्यावर बसून संडासले नाई जाचं."

वहिनी म्हणाल्या, "चुप बसा जी. काई नाई होत."

ऑपरेशन लांबलं. बाहेरच्या बाकड्यावर आम्ही दोघींनी आणलेला डबा उघडला आणि तसाच बंद केला. ते शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. त्यांनी दोन बोटं काटाभाऊंच्या उजव्या हातात दिली.

"दाबा." काटाभाऊंनी दाबली. "अजून." त्यांनी डोळे मिटले आणि दाबली. "अजून. बस, बस, भाऊ, सोडा! मलाही अजून ऑपरेशनं करायची आहेत."

मग डॉक्टरांनी पायाचे अंगठे हलवायला सांगितले. चादरीखाली दोन्ही अंगठे हलले. वहिनी एकदम खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. थोड्या वेळाने मी पाहिलं तर त्या हसत होत्या. मीही जिन्यात जाऊन मनसोक्त रडून आले.

सुळे आले तेव्हा काटाभाऊंच्या मानेला पट्टा होता. त्यांना वजन उचलायची कायमची बंदी झाली होती, तरी पहिलं पॅलेट उचलायच्या दिवशी ते आलेच. मोहाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले आणि तिथूनच ड्रायव्हरवर ओरडले, "सुळे जमिनीलगत ठेव! उंच करून पळू नोको! समोर कोणी उभं नाई राह्यचं!" सुनंदाने सगळ्या बायांना मागे ओढलं. पॅलेट हललं, जमिनीपासून सुटलं, मागची चाकं जमिनीवरच राहिली. ट्रॅक्टर हळूहळू वाळवणाच्या जागेवर गेला आणि त्याने ढीग खाली ठेवला. एका विटेचा कोपराही उडाला नाही. बायांनी टाळ्या वाजवल्या. काटाभाऊंना मान वळवता येत नव्हती, म्हणून ते खुर्चीसकट अख्खे फिरून बघत होते.

शब्द दिला होता तसं एकीचंही काम गेलं नाही. बाया आता पॅलेट रचतात आणि विटांवर पाणी मारतात. एक हंगाम काटाभाऊ खुर्चीवरून मुकादमी करत होते. मग त्यांच्या मुलीने त्यांना आणि वहिनींना चामोर्शीकडे नेलं. तिची तिथे धानाची शेती आहे. निघताना बायांनी पोहे केले होते, ते काटाभाऊंनी दोनदा मागून खाल्ले, आणि गाडीत बसले.

गेल्या महिन्यात सुनंदा म्हणाली, "ताई, पाण्याची बादली जड लागून राह्यली." मी बादलीकडे पाहिलंच नाही, तिला घेऊन सरळ दवाखाना गाठला. रक्त फार कमी होतं. गोळ्या सुरू झाल्या, आता तिच्या चेहऱ्यावर तेज आलंय. हे काटाभाऊंना सांगावं म्हणून मी चामोर्शीला फोन लावला. तो त्यांच्या मुलीने उचलला.

"बाबा घरी नाईत, ताई. धानाचा रोवणा चालू हाय, शेतातल्या बांधीत गेले."

"कोणी नेलं त्यांना?"

"कोण नेईल?" ती म्हणाली. "चालत गेले."