मागच्या सीटचा निकाल

विश्रामबागच्या ह्या गॅरेजवाल्याला मी चार वर्षं ओळखतो, पण नाव कधी विचारलं नाही. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणतात. बोलताना तो पान्यानं मांडीवर ठेका धरतो. ठेका थांबला की समजायचं, काहीतरी चुकलंय.

दोन वर्षांपूर्वी माझी बाईक मी हौसेनं मागून वीतभर लांब करून घेतली होती. परवा तिला बसवायला नवे भारी शॉकअप घेऊन मी सकाळी सकाळीच पोचलो. कधी एकदा बसवतोय असं झालं होतं.

"मागं कोण बसतं?" मिस्त्रीनं विचारलं.

"बायको."

ठेका थांबला. "मग त्यास्नी का न्हाई आणलं? पुढच्याला खड्डा दिसतो, मागच्याला न्हाई. शॉकअप मागच्यासाठी असतंय गड्या!"

फोन केल्यावर बायको रिक्षानं आली. शॉकअप बसवून झाल्यावर मिस्त्रीनं तिला मागं बसवलं, गाडी किती दबते ते वाकून पाहिलं आणि स्प्रिंग थोडी आवळली. असं तीनदा झालं. मग आम्ही चक्कर मारली. स्पीडब्रेकरवरून गाडी अशी अलगद गेली, की परत येताच मी ओरडलो, "मिस्त्री, लय भारी!"

त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "वैनी, तुमी सांगा."

बायको हसली. "आता बोलता येतंय. आधी जीभ चावली जायची, म्हणून गप्प बसायचे."

मिस्त्रीचा ठेका पुन्हा सुरू झाला. आणि मी दोन वर्षं समजत होतो, ती मागं बसून वाऱ्याची मजा घेतेय.