धडाका क्लब आणि माझे पाच किलो रोडगे

मी आयुष्यात एकदाच आमच्याच क्लबच्या पराभवासाठी नवस बोलले, आणि तो मोठ्याने बोलले.

क्लब म्हणजे अकोल्याच्या जठारपेठेतला आमचा धडाका फुटबॉल क्लब. नावातच काय तो धडाका. बाकी एक मैदान, दोन गोलपोस्ट (त्यातल्या एकावर समोरच्या घरातली धुणी वाळत असतात) आणि बावीस वर्षं आमचे हे. हे म्हणजे माझे यजमान, क्लबचे कोच. शिट्टी यांच्या गळ्यात असायची, पण क्लब कोण चालवतं हे अख्ख्या पेठेला ठाऊक होतं. हाफटाइमला मी संत्र्याच्या फोडींचा डबा घेऊन मैदानात उतरायचे. प्रत्येकाच्या हातावर एक फोड आणि कानात एक सूचना! "बबलूला मागेच ठेवा" ही त्यातली माझी सगळ्यात लाडकी. बबलू उंच आणि धिप्पाड, तो गोलासमोर उभा राहिला की निम्मा गोल आपोआप झाकला जातो, असं माझं शास्त्र होतं. हे मान डोलवायचे, पोरं संत्री खायची आणि आम्ही बहुतेक वेळा हरायचो.

मागच्या वर्षी आधी यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, मग यांनी. नवा कोच कोण ते सांगायला यांनी पोरांना आणि समस्त पाठीराख्यांना आमच्या अंगणात चहाला बोलावलं. आता तुम्हीच सांगा, बावीस वर्षं संत्री कोणी सोलली? मी ठेवणीतली हिरवी साडी नेसले. आरशासमोर उभी राहून "नाई बाप्पा, मले कायले" हे वाक्य तीनदा म्हणून पाहिलं. चौथ्यांदा तर डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. मग मी अंगणात जाऊन अशा जागी बसले की टाळ्या वाजल्यावर उठायला सोपं जावं.

हे उभे राहिले, खाकरले आणि म्हणाले, "आपली नवी कोच..."

"नाई बाप्पा, मले कायले!" मी म्हणाले.

"...अर्चना," हे म्हणाले.

अर्चना म्हणजे आमची सून. शेजारच्या कमलबाईंनी (मैदानाबाहेरून ओरडणाऱ्या बायकांमध्ये माझ्या खालोखाल यांचाच नंबर) अगदी काळजीने माझा खांदा दाबला आणि "तुमाले कोन म्हनलं, वहिनी?" असं विचारलं. मी चहा बघायला म्हणून आत गेले, ती दिवेलागणीपर्यंत बाहेर आले नाही.

तशी अर्चना शाळेत खेळाची शिक्षिका. कॉलेजात असताना मैदान गाजवलेली. पण कुठलं मैदान? अमरावतीचं! माहेर अमरावतीचं, खेळ अमरावतीचा, आणि कोच अकोल्याच्या टीमची! पेठेत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांनी आपापली नाराजी माझ्याकडे नोंदवली, आणि मी घरातली मोठी बाई म्हणून कोणालाच गप्प केलं नाही. तरी एक गोष्ट मी मनाशी धरून होते. कोच कोणीही असो, हाफटाइम माझा आहे.

पहिल्याच सरावाला मी डबा घेऊन मैदानात उतरले. अर्चनाने अर्ध्या वाटेत येऊन दोन्ही हातांनी डबा घेतला. आवाज एवढासाही न चढवता ती म्हणाली, "आई, संत्री येऊ द्या. सूचना नको."

झालं! मी माघारी वळले, ते थेट कमलबाईंच्या ओट्यावर. त्याच संध्याकाळी आम्ही बायकांनी बहिष्कार जाहीर केला. मॅचला ढोल न्यायचा नाही, ओरडायचं नाही, खुर्च्यांवर नुसतं हाताची घडी घालून बसायचं. कमलबाईंना ओरडायचं नाही हे कलम फार जड गेलं, पण त्यांनी ते मान्य केलं. घरात मी अर्चनाशी कामापुरतंच बोलत होते. ती मात्र "आई, भाजी मस्त झाली" म्हणत दोनदा वाढून घ्यायची, त्यामुळे अबोल्याला म्हणावी तशी धार येत नव्हती.

आणि पहिलीच मॅच ठरली अमरावतीच्या क्लबशी. रविवारी, आमच्याच मैदानावर. आता शेवटचा उपाय म्हणून शनिवारी मी तेलाची वाटी घेऊन मारोतीला गेले. आमचा मारोती भर रस्त्यावर, सारखे ऑटो आणि ट्रक. त्यामुळे देवाशी जरा आवाज चढवूनच बोलावं लागतं, असा माझा समज. मी हात जोडले आणि म्हणाले, "मारोतीराया, उद्याची एक मॅच आपली टीम हरू दे. एकच. मंग त्याईले माही किंमत कळन. पाच किलोचे रोडगे देईन!"

मागून आवाज आला, "मारोतीराया, टीम जिंकू दे. माहे सात किलोचे."

वळून पाहिलं तर हातात रुईची माळ घेऊन अर्चना! चेहरा शांत, डोळे मिटलेले. पुजारी महाराज एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. आता कोण वाढवतं याची वाट बघत असावेत. अकरा किलो माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, पण तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला. अर्चनाला रोडगे येतच नाहीत! जाडसर पीठ घट्ट मळायचं, तेल लावून घडी घालायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचं, हे सगळं आमच्या घरात एकच बाई करते. म्हणजे टीम हरली तर पाच किलो मी मळणार आणि जिंकली तर सात किलोही मीच. मी वाटी उचलली आणि घरी आले.

रविवारी मैदान भरलं. आम्ही बायका घडी घातलेल्या हातांनी खुर्च्यांवर. विसाव्या मिनिटाला अमरावतीने गोल केला. नवस फळायला लागला होता, मला आनंद व्हायला हवा होता. पण मैदानाच्या कडेला ती एकटी उभी होती, गळ्यात यांची शिट्टी, आणि मागून कोणीतरी "जाय अमरावतीले वापस!" असं ओरडलं. ती वळली नाही, पण तिची मान ताठ झालेली मला दिसली. माझ्या घरचं माणूस होतं ते, आणि हे बोलायची हिंमत त्या माणसाला मीच दिली होती.

हाफटाइमला ती स्वतः डबा न्यायला आली. मला वाटलं, आता सल्ला विचारेल. ती डबा घेऊन सरळ पोरांकडे गेली. त्यांना गोल बसवलं, दोन मिनिटं बोलली आणि उठताना बबलूला सगळ्यांत पुढे पाठवलं. बबलूला! पुढे! मी हाताची घडी आणखी आवळली.

हाफटाइमनंतर दहाव्या मिनिटाला बबलूने डोक्याने गोल मारला. एवढा उंच उडालेला बबलू मी कधी पाहिला नव्हता. कसा पाहणार, त्याच्याकडून गोल झाकून घ्यायचं माझं खूळ! अगदी शेवटी आम्हाला पेनल्टी मिळाली. बबलूने चेंडू ठेवला. मारोती काल कोणाचं ऐकून बसला असेल, या विचाराने माझ्या हाताची घडी सुटली. मी खुर्चीवर चढले आणि ओरडले, "मारोतीराया, माहे पाच रद्द! तिचे सात घे!"

गोल झाला. पोरांनी अर्चनाला उचललं. बहिष्काराचा ढोल कमलबाईंच्या खुर्चीखालून निघाला (तो आणायचाच नव्हता म्हणे, पण चुकून आला). ढोल वाजवता वाजवता त्यांनी मला विचारलं, "वहिनी, पाच कायचे रद्द केले?" मैदानातली निम्मी माणसं माझ्या उत्तराची वाट बघत होती. हे मात्र ओढणीसारखं उपरणं तोंडावर धरून हसत होते. मग मी सगळं सांगून टाकलं, आणि "जाय वापस" म्हणणाऱ्याला शोधून त्याचीही हजेरी घेतली. अमरावतीच्या क्लबचे एक वयस्कर गृहस्थ कोच कोण म्हणून विचारत आले, तेव्हा सगळ्यांच्या आधी मीच सांगितलं, "माझी सून." ते तिला बाजूला घेऊन बराच वेळ बोलत राहिले.

बार्शीटाकळीच्या रस्त्यावरच्या आमच्या शेतात सात किलोचे रोडगे झाले. अर्चना मळायला मदत करायला आली आणि पिठात पाणी किती हवं ते मला सांगू लागली. मी तिच्या हातून परात काढून घेतली आणि म्हणाले, "पीठ येऊ दे. सूचना नको." ती एवढी हसली की निखाऱ्यातले चार रोडगे जळाले.

तिथेच कमलबाईंनी बातमी दिली. अमरावतीच्या क्लबने अर्चनाला कोच म्हणून बोलावलं आहे! दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मारोती गाठला. मागचापुढचा विचार न करता, ट्रकच्या आवाजावर आवाज चढवून मी म्हणाले, "मारोतीराया, तिले अमरावतीले जाऊ देऊ नको. अशी कोच मले पुन्हा भेटत नाई. अकरा किलोचे रोडगे देईन!"

मागून आवाज आला, "आई, मी त्याईले त्याच दिवशी मैदानातच नाई म्हनून सांगतलं."

आता नवस फेडावा लागणार नाही, या आशेने मी महाराजांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. नवस बोलायच्या आधी फळला काय आणि नंतर फळला काय, देवाने आपलं काम केलेलं आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. परवा मी अकरा किलो पीठ मळलं. अर्चना शेजारी बसून संत्री सोलत होती. तिने माझ्या तोंडात एक फोड दिली आणि बोलायची संधी काही दिली नाही.